ग्रुप राईड शेवटच्या गाडीच्या हिशेबाने आखा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस लागला की पुण्याहून दर शनिवार-रविवारी मोटारसायकलींचे ताफे मुळशी-ताम्हिणी, भोर-वरंध, माळशेज असे घाटांकडे निघतात. त्यांच्याबद्दल रस्त्याकडेच्या गावांच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या आहेत: सकाळी सहाला फटाके फोडणारे सायलेन्सर, शाळेसमोरून सुसाट जाणाऱ्या गाड्या, धबधब्यासमोर वळणावरच लावलेली रांग. दरवर्षी मग बंदीची भाषा होते. आम्ही अशा राईड आखणारी माणसं आहोत आणि बंदी हा उपाय आम्हाला पटत नाही. आमचं म्हणणं एवढंच की, राईड बिघडते ती आखणीत. बहुतेक क्लब पुढच्या गाडीचा विचार करून राईड आखतात: किती वाजता निघायचं, कुठे पोहोचायचं, कितीचा वेग धरायचा. आखणी व्हायला हवी ती शेवटच्या गाडीच्या हिशेबाने. कारण धोका तिथे साचतो आणि गावाला त्रास होतो तोही शेपटाचाच.

उदाहरण स्पीडब्रेकरचं घ्या. वीस गाड्या ताशी ६० किलोमीटरने, दोन-दोन सेकंदांचं अंतर राखून चालल्या आहेत. म्हणजे रांग साधारण ६३० मीटर लांब. गावात स्पीडब्रेकर आला. प्रत्येक गाडी खाली येते, उडते, पुन्हा उचलते. तिथे दोन गाड्यांत तीन सेकंद तरी पडतात. पहिली गाडी ओलांडून लगेच ६० वर गेली, तर शेवटची ओलांडेपर्यंत ५७ सेकंद गेलेले असतात आणि पहिली साडेनऊशे मीटर पुढे पोहोचलेली असते. जवळजवळ ३२० मीटरची तूट पडली. ती भरून काढायला शेवटच्या माणसाला ८० च्या वेगाने सव्वा किलोमीटर पळावं लागतं आणि तेवढ्यात पुढचा स्पीडब्रेकर किंवा पुढची वाडी येते. पुढचा चालक मनापासून सांगतो, "मी साठच्या वर गेलोच नाही." तो खरंच बोलत असतो. गावकऱ्याने ऐंशीने जाणारी गाडी पाहिली, तेही खरं असतं. शेवटी बहुधा नवखा असतो, कारण तो हळू चालवतो म्हणून मागे पडलेला असतो. म्हणजे सगळ्यात कमी सरावाच्या माणसाकडून आपण सगळ्यात जास्त वेग मागतो.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. गाव ओलांडल्यावर लीडने, म्हणजे सगळ्यात पुढच्या चालकाने, मिनिटभर ४० च्या वर जायचं नाही. शेवटच्या गाडीचा दिवा सरळ रस्त्यावर आरशात दिसला की मग वेग वाढवायचा. दुसरं म्हणजे, प्रत्येकाने पुढच्यामागे पळण्याऐवजी मागच्याला सांभाळायचं. आरशातला मागचा दिवा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. मग त्याच्या पुढचा हळू होतो, त्याच्या पुढचा, आणि असं करत निरोप लीडपर्यंत पोहोचतो. याला वॉकीटॉकी लागत नाही की हेल्मेटमधला इंटरकॉम लागत नाही. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो, त्यामुळे आरशात मागचा ओळखणं सोपं झालं आहे. जुन्या गाडीवाल्यांनी दिवसाही दिवा लावावा.

आता संख्या. घाटरस्त्यावर वीस गाड्यांची एक रांग म्हणजे चालता-बोलता अडथळाच आहे. ४० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे २२ मीटर, म्हणून वीस गाड्या सव्वाचारशे मीटर अडवतात. मागून ५० ने येणाऱ्या एसटीला त्यांना एका दमात ओलांडायचं तर दोन किलोमीटर मोकळा रस्ता लागेल. ताम्हिणीत तो कुठून आणायचा? मग एसटी अर्ध्यावर आत घुसते, ताफा तुटतो, मागचे चिडून डावी-उजवीकडून पुढे काढतात. सहा गाड्यांची तुकडी केली तर तोच हिशेब साडेपाचशे मीटरवर येतो आणि समोरचा रस्ता मोकळा असेल तर बसवाला सहज पुढे जातो. म्हणून आमचा आग्रह आहे की, एका तुकडीत सहा, फार तर सात गाड्या. प्रत्येक तुकडीला स्वतःचा लीड आणि स्वतःचा स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा चालक. दोन तुकड्यांत निघताना दहा मिनिटांचं अंतर. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: पहिल्या चहाला सगळ्या तुकड्या एकत्र येतात आणि तिथून एकच मोठी रांग बनून निघतात. दुसरी तुकडी थांब्यावर आली की पहिलीने निघायचं, हे आधीच ठरलेलं असावं. सगळ्यांनी एकत्र बसायची जागा एकच, जेवणाची, आणि तिथे रस्त्याबाहेर सगळ्या गाड्या मावतील एवढं अंगण हवं.

रांगेतल्या जागा वेगाने ठरवू नयेत. नवखा माणूस लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर. तिथे त्याला लीडची ब्रेक लावायची जागा, वळणात शिरण्याची रेघ समोर दिसते आणि लीडही आरशात त्याच्याकडे पाहून वेग ठरवतो. कमी सीसीची गाडीही पुढेच. सर्वांत अनुभवी माणूस स्वीप. मोठ्या, ताकदवान गाडीवाल्यांना मधली जागा कंटाळवाणी वाटते, पण राईड त्यांच्या एकट्यांची नसते.

सरळ, रुंद रस्त्यावर गाड्या जिगझॅग लावाव्यात: लीड आपल्या लेनच्या उजव्या तृतीयांशात, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. तिरक्या अंतराला एक सेकंद, सरळ पुढच्या गाडीला दोन सेकंद. पाऊस असेल तर हे दुप्पट करा. घाट सुरू झाला, रस्ता अरुंद झाला, धुकं आलं की जिगझॅग मोडून एकामागे एक. शेजारीशेजारी गाड्या लावून गप्पा मारत जाणं कुठेच नको, कारण खड्डा चुकवायला बाजूची जागाच उरत नाही. ओव्हरटेक ज्याचा त्याने, स्वतःच्या डोळ्यांनी समोर पाहून करायचा. पुढच्याने हात हलवून "ये, ये" म्हणणं ही अत्यंत घातक सवय आहे; तो रिकामा रस्ता दाखवतो तेव्हा तो त्याच्यासाठी रिकामा असतो, मागचा तिथे पोहोचेपर्यंत समोरून टेम्पो आलेला असतो. ओव्हरटेक झाल्यावर थोडं पुढे सरकून मागच्याला आत यायला जागा ठेवायची, लगेच ब्रेक लावायचा नाही.

घाटातल्या उजव्या वळणाकडे विशेष लक्ष द्या. मधल्या रेषेला चिकटून उजवीकडे झुकलं की चाकं आपल्या बाजूला राहतात, पण डोकं आणि खांदा समोरच्याच्या लेनमध्ये जातात. नागमोडी वळणावर एसटीला किंवा ट्रकला अख्खा रस्ता लागतो, हे गृहीत धरूनच वळणात शिरावं. डाव्या वळणात उलटं होतं: आत लवकर झुकलं की बाहेर पडताना गाडी मधल्या रेषेकडे फेकली जाते. दोन्ही वळणांना ब्रेक आधी, सरळ असताना. वळणात फक्त हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवून इंजिनावर वेग धरायचा. सतत ब्रेक दाबून उतरलं की डिस्क तापते, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात शोषलेल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखी आत जाते. म्हणूनच ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, दिसायला ते चांगलं असलं तरी. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही अनेकांना ठाऊक नसतो.

पावसातला मुळशीचा रस्ता ज्यांना नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. जुलैत भातलावणी चालू असते. चिखलणी करून ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना डांबरावर चिखलाचे पट्टे सोडतो. लोखंडी चाकं असतील तर जाडजूड ढेकळंच पडतात. वरून सर आली की तो चिखल साबणासारखा होतो. तो पट्टा दिसला की क्लच आणि ब्रेक दोन्ही सोडून, हँडल सरळ ठेवून, आहे त्या वेगात गाडी जाऊ द्यावी. वेग पट्ट्याच्या आधी कमी करायचा. शेतकऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही, रस्ता त्याच्या शेतातून गेलेला आहे. झाडीच्या सावलीतल्या कडेला शेवाळ धरतं, विशेषतः जिथे डोंगराकडून पाणी सतत झिरपतं तिथे. पांढरे पट्टे, मोरीवरच्या लोखंडी जाळ्या, सांडलेल्या डिझेलचा इंद्रधनुषी थर यांवर गाडी झुकवायची नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल आणि खालचं डांबर दिसत नसेल तर परत फिरायचं. पुढची तुकडी गेली म्हणून आपण जायचं, हा हिशेब तिथे चालत नाही, पाणी पाच मिनिटांत चढतं.

रेनकोट दोन तुकड्यांचा, शर्ट-पँट असा घ्या. अंगावर टाकायचा पोंचो वाऱ्याने फडफडतो आणि मागच्या चाकात किंवा चेनमध्ये ओढला जातो. मागे बसणाऱ्याची ओढणी, बॅगेचे लोंबणारे पट्टे यांचंही तेच. मागे बसणाऱ्याला हेल्मेट हवंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दोघांनाही लागू आहे. आयएसआय शिक्का असलेलं आणि हनुवटीचा पट्टा लावलेलं हेल्मेट. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.

गाड्यांची तपासणी निघायच्या सकाळी करू नये, शुक्रवारी संध्याकाळी करावी, म्हणजे काही सापडलं तर गॅरेज उघडं असतं. चेनकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून बघा. बहुतेक गाड्यांना २५ ते ३० मिलिमीटर ढिलाई लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागचं चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सर्वांत ताठ जागेवर ढिलाई बसवा. अति ताठ चेनही वाईट: मागे माणूस आणि सामान बसलं, खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बर दबले की ती आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. अति ढिली असेल तर स्प्रॉकेटवरून, म्हणजे दात्यांच्या चक्रावरून, उतरते आणि मागचं चाक जाम करू शकते. ताण बदलल्यावर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, एक्सलचा नट पक्का आहे ना, हे पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात प्रत्येक राईडनंतर, चेन पुसून तेल द्यावं. तेल आतल्या बाजूने, चाक फिरवत. निघायच्या आदल्या रात्री दिलं तर मुरतं, निघताना दिलं तर टायरवर उडतं.

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. मागे माणूस असेल तर बहुतेक गाड्यांना मागच्या चाकात तीन-चार पीएसआय जास्त लागते. काही जण पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करतात. त्याने उलट टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर पडायला अडथळा होतो आणि ट्यूब असलेल्या चाकाला खड्ड्यात पंक्चर होतं. तुकडीतल्या कोणत्या गाड्यांना ट्यूबलेस टायर आहेत आणि कोणत्या स्पोकच्या, ट्यूबवाल्या आहेत याची यादी स्वीपकडे हवी. ट्यूबलेसचं पंक्चर पट्टी घालून दहा मिनिटांत निघतं. ट्यूबवाल्याचं मागचं चाक काढावं लागतं. त्यासाठी एक्सलला बसणारा पाना, दोन टायर लिव्हर आणि त्या मापाची ट्यूब नसेल तर माणसांची सगळी ताकद फुकट जाते.

स्वीपच्या बॅगेत आणखी काय: ८ ते १७ चे पाने, ॲलन की, प्लग पाना आणि एक प्लग, पक्कड, पायाने मारायचा पंप, फ्यूज, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल, चेनची लॉक लिंक (दोन टोकं जोडणारी कडी), केबल टाय, इन्सुलेशन टेप. लॉक लिंक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं, नाहीतर ती निसटते. केबल मात्र गाडीनुसार वेगळ्या असतात, त्यामुळे ज्याची त्याने आपली आणावी. जुनी क्लच केबल काढण्याआधी तिच्या शेजारूनच नवी ओवून टेपने बांधून ठेवणारे चालक आम्हाला फार आवडतात. तुटली की दोन टोकं बदलली, काम झालं. कुणाची गाडी बंद पडली तर फक्त स्वीपने थांबायचं. सगळेच थांबले तर वळणावर गर्दी होते आणि मदत कुणाचीच होत नाही.

फाट्यांवर माणसं चुकतात. फोनवरच्या नकाशाचा भरवसा नाही, कारण ताम्हिणीत बऱ्याच पट्ट्यांत रेंज नसते. सोपी पद्धत अशी: फाटा आला की लीडच्या मागचा दुसरा, म्हणजे रांगेतला तिसरा माणूस रस्त्याबाहेर सुरक्षित जागी थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पौडला कोळवणकडे जाणारा रस्ता आणि विळ्याचा फाटा, जिथून एक वाट निजामपूर-माणगावला आणि दुसरी कोलाडकडे जाते, या दोन जागी माणूस उभा हवाच. म्हणजे मागे पडलेल्याला घाई करायचं कारणच उरत नाही. कितीही उशीर झाला तरी फाट्यावर आपला माणूस असणार हे त्याला माहीत असतं. पेट्रोल पिरंगुट-पौडच्या आसपास सगळ्यांनी एकदमच भरावं आणि पुढचा थांबा सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून ठरवावा. दहा लिटरची टाकी आणि लिटरला ३० चं ॲव्हरेज असेल तर २०० किलोमीटरला भरायचंच.

अपघात झालाच तर काय करायचं, हे निघण्यापूर्वी दोन मिनिटांत सांगून व्हावं. दोघांनी दोन्ही बाजूंना वळणाच्या अलीकडे, शंभर पावलांवर जाऊन वाहनं हळू करायची. जखमीला उचलून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही; श्वास अडकलेला नसेल तर हेल्मेट काढायचं नाही. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. १०८ किंवा ११२ ला फोन करताना "ताम्हिणी घाटात" एवढं सांगून भागत नाही, शेवटच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. म्हणून स्वीपने दगड वाचत जाण्याची सवय लावावी. रेंज नसेल तर एकाने रेंज मिळेपर्यंत पुढे जायचं आणि निरोप देऊन परत यायचं. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आलं आहे, त्यामुळे अनोळखी जखमीसाठीही थांबा.

गावांबद्दल. कंपनीने दिलेला सायलेन्सर बदललेली गाडी राईडला घेऊ नये, हा नियम क्लबने स्वतःच पाळला तर पोलिसांना रस्त्यावर आवाज मोजत बसावं लागणार नाही. एक गाडी पाच सेकंदांत निघून जाते, पण वीस गाड्यांचा आवाज दारासमोरून मिनिटभर चालतो, आणि त्या घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असतं. हॉर्न वळणावर वाजवा, गावात नको. जेवण गावातल्या खानावळीत घ्या आणि आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगा. पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापायला तास-दीड तास लागतो, आयत्या वेळी जाऊन टेबल वाजवू नये. राईडच्या दिवशी दारू अजिबात नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आमची शून्य असावी. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. धबधब्यासाठी गवतावर गाड्या घालणं, बाटल्या टाकणं, ड्रोन उडवणं यातलं काहीही खपवून घेऊ नये, आणि ते आपल्यातल्याच माणसाला तोंडावर सांगण्याची तयारी ठेवावी. परतीची वेळ अशी धरा की शेवटची गाडी उजेडात चांदणी चौकात येईल. रविवारी संध्याकाळी भिजलेलं अंग, जडावलेले डोळे आणि घरी पोहोचायची घाई एकत्र येतात आणि घाट सुखरूप उतरलेली माणसं पिरंगुटच्या गर्दीत पडतात.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. स्पीडब्रेकरवर पांढरे-पिवळे पट्टे आणि आधी फलक असावा. पट्टे पावसात पुसले जातात म्हणून जूनच्या आधी पुन्हा मारावेत. खड्डे बुजवल्यावर उरलेली खडी वळणांवरून झाडून घ्यावी. डांबरावर सुटी पडलेली बारीक खडी मोटारीला जाणवतही नाही, दुचाकीला पाडते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद केला जातो, ताम्हिणीतही दरड पडली की रस्ता अडतो. हे आदेश निघतात, पण राईड आखणाऱ्यांना ते शनिवारी सकाळी, नाक्यावर पोहोचल्यावर कळतात. मग ठरलेला बेत मोडायचा नाही म्हणून लोक माहीत नसलेल्या आडवाटांना लागतात. जून ते सप्टेंबर दर शुक्रवारच्या अंकात पुणे, सातारा आणि रायगड जिल्ह्यांतले कोणते घाट चालू, कोणते बंद, कुठे फक्त हलक्या वाहनांना सोडतात आणि कोणत्या पर्यटनस्थळांवर बंदी आहे, याची एक छोटी चौकट आपण छापलीत तर शुक्रवारी संध्याकाळीच रस्ता बदलता येईल.

आपले,
पुण्यातील एका मोटारसायकल क्लबचे राईड आखणारे सदस्य